बाकावरच्या दाढ्या

वस्तादानं लेकीच्या घरात पाऊल ठेवलं ते तोंड वाकडं करूनच, आणि पुढं कित्येक आठवडे ते सरळ करायची त्याला गरज वाटली नाही.

"बाबा, खोली आवडली का?" लेकीनं विचारलं.

"खोलीला काय झालंय? चार भिंती आहेत, दार आहे. तुरुंगातसुद्धा एवढं असतंच."

जावई हसला. दुसरं कुणी हसत नाही असं बघून त्यानं ते हसू खोकल्यात घातलं आणि राहिलेल्या बॅगा आणायच्या निमित्तानं खाली पळाला.

खरं सांगायचं तर खोली चांगली होती. खिडकीशी खुर्ची होती, पलंगाची उंची म्हाताऱ्या गुडघ्यांना सोसेल अशी होती, आणि भिंतीवर लेकीनं आपल्या आईचा फोटो लावला होता, तोही वस्तादाला आवडणारा, तरुणपणीचा. पण एकदा डोकं फिरलं की चांगली गोष्ट जास्तच टोचते. तो पलंगावर टेकला. खिशातून सलूनची किल्ली काढली, उशीजवळ ठेवली, पुन्हा उचलली आणि परत खिशात टाकली. किल्ली खिशात आहे तोवर आपण इथं पाहुणे, असं त्यानं स्वतःशी पक्कं करून टाकलं होतं.

वस्ताद हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. पण तरुणपणी हातात वस्तरा घेतला तेव्हापासून गाव त्याला त्याच नावानं हाक मारत आलं होतं, आणि खरं नाव काय हे पोस्टमनलासुद्धा पाकीट वाचूनच आठवायचं. बाजाराच्या वळणावर त्याचं सलून. खुर्ची एकच, ओतीव लोखंडाच्या पायाची, मान टेकायला मागं गादी असलेली. समोर एक आरसा आणि पाठीमागं एक, त्यामुळे खुर्चीत बसलेला माणूस एकामागं एक असा पार भिंतीपलीकडं गेलेला दिसायचा. बाजूला लाकडी बाक. त्या बाकावर बसायला दाढी वाढलेली असायलाच हवी असं काही नव्हतं. शाळेतून निवृत्त झालेला मास्तर, हा वस्तादाचा लहानपणापासूनचा मित्र. समोरच्या औषधाच्या दुकानाचा मालक, ज्याला गाव औषधवाला म्हणे. आणि दारातून वाकूनच आत येणारा एक सुतार, ज्याला सगळे लांब्या म्हणत. हे तिघं रोज सकाळी हजर. वस्ताद खुर्चीतल्याची दाढी पाण्यानं करायचा आणि बाकावरच्यांची बिनपाण्यानं.

सलूनचा नियम एकच होता. तोंडाला फेस लागला की बोलायचं नाही. नियम तसा रास्त. बोलणाऱ्याचा गाल हलतो, आणि हलत्या गालावर वस्तरा फिरवायचा नसतो. पण वस्तादानं त्या नियमाच्या जोरावर राज्य केलं. कुणी काही आडवं बोलायला लागला की तो म्हणायचा, "बस खुर्चीत," आणि ब्रशनं त्याचं तोंड बंद करून टाकायचा. मग बोलणार तो एकटा वस्ताद. नळाचं पाणी, सरकार, मास्तराचा चष्मा, औषधवाल्याचा चिक्कूपणा, सगळ्यांचा समाचार घेऊन होईपर्यंत फेस सुकत यायचा आणि पुन्हा लावावा लागायचा. "अख्ख्या गावाला मी गप्प बसवलंय," असं तो छाती फुगवून सांगायचा. गाव हसायचं. त्याला वाटायचं, कौतुकानं हसतंय.

शेवटच्या एकदोन वर्षांत मात्र बाकावर एक खूळ शिरलं. दाढ्या. आधी औषधवाल्यानं वाढवली, मग मास्तरानं, मग लांब्यानं, आणि मग नेहमीची गिऱ्हाइकं एकेक करत त्याच वाटेनं गेली. तिघं ओळीनं बाकावर बसले की झाडूंचं दुकान मांडल्यासारखं दिसायचं. वस्तादानं त्यांची यथेच्छ टर उडवली.

"अरे, ही पोराटोरांची फॅशन. तुमच्या थोबाडावर काय करतेय?"

ते दाढ्या कुरवाळत हसायचे. औषधवाला म्हणायचा, थंडीत बरं वाटतं. मास्तर म्हणायचा, "बायकोला आवडते." मास्तराची बायको जाऊन कैक वर्षं लोटली होती, हे वस्तादाच्या ध्यानात यायला हवं होतं. नाही आलं. त्याचं सगळं ध्यान पुढचा टोमणा शोधण्यात होतं.

गिऱ्हाईक कमी झालं, त्याचं खापर त्यानं फॅशनवर फोडलं. तुरटीचा खडा पूर्वी महिनोन् महिने पुरायचा तो भराभर झिजायला लागला, त्याचं खापर तुरटी विकणाऱ्यावर. लांब्या ऐन उन्हाळ्यात कानटोपी घालून आला आणि "कान ठणकतोय" म्हणाला, तर ती टोपी उतरेपर्यंत वस्तादानं त्याला आजीबाई म्हणून हाक मारली. लांब्यानं एका शब्दानं उलट उत्तर दिलं नाही.

आणि मग एक दिवस लेकीचा फोन आला. "बाबा, मला तुमची गरज आहे," एवढं म्हणाली आणि रडायला लागली. ही पोरगी रडणाऱ्यांतली नव्हे. लहानपणी झाडावरून पडून हात मोडला तेव्हासुद्धा तिनं झाडालाच शिव्या घातल्या होत्या. बापावर गेली होती. ती रडतेय म्हटल्यावर वस्ताद पार विरघळला. नोकरी आणि घर एकटीला झेपत नाही, घरात आपलं माणूस हवं, असं काहीतरी ती सांगत होती. त्यानं पुरतं ऐकलंही नाही.

"येतो. पण सलून विकणार नाही, सांगून ठेवतो. वाटलं की परत जाईन."

"चालेल बाबा. किल्ली तुमच्याजवळच राहू दे."

गाव सोडताना बसपर्यंत पोचवायला निम्मा बाजार लोटला. मास्तरानं मिठी मारली, त्याची दाढी वस्तादाच्या गालाला टोचली. "ती आधी बोडून टाक," वस्ताद म्हणाला. "तू आलास की. तुझ्याच हातून," मास्तर म्हणाला. औषधवाला तर तोंड फिरवून डोळे पुसत होता. बस सुटल्यावर वस्ताद स्वतःही रडला, पण खिडकीकडे तोंड करून, म्हणजे धूळ गेली म्हणता येतं. त्या गावावर त्याचा जीव होता. सकाळी शटर वर करताना होणारा खडखडाट, समोरच्या नळावरची भांडणं, दुपारी बाजारावर पसरणारी पेंग, सगळ्यावर. असं जीव लावणारं गाव, आणि त्यातून आपल्याला मुळासकट उपटून आणलं!

तेही कशासाठी? लेकीच्या घरी आल्यावर हेच त्याला उमगेना. तिथं त्याची गरज कुणालाच नव्हती. भांडी मशीन घासत होतं, कपडे मशीन धूत होतं, सामान घरपोच येत होतं. दोघं सकाळी कामाला जाताना त्याला बजावून जायचे, "आराम करा." आराम! शेवटचं दुखणं आलेल्या माणसाला सांगतात तसं. तो दिवसभर घरात येरझाऱ्या घालायचा, आणि संध्याकाळी लेक दारात दिसली की तिच्यावर तोंडसुख घ्यायचा.

"काय करू म्हणतेस इथं? बोलावलंस कशाला? कुलूप लावायचा कंटाळा आला म्हणून?"

ती चप्पल काढता काढता म्हणायची, "बाबा, दमून आलेय." आणि ओठ दाबून आत निघून जायची. तिचं ते ओठ दाबणं बघून त्याची तळपायाची आग मस्तकात जायची. बोल ना काय ते!

जावयाशी तरी जमेल म्हणून त्यानं पहिल्याच आठवड्यात वस्तरा परजला होता. "जावईबापू, या, मस्त दाढी करून देतो. ही तुमची प्लॅस्टिकची खेळणी फेका."

"नको बाबा, उशीर... म्हणजे, मीटिंग आहे," असं पुटपुटत जावई न्हाणीघरात शिरला आणि आतून कडी लागल्याचा आवाज आला. त्यानंतर दाढीच्या वेळी तो रोज कडी लावायला लागला.

आणि चहा. लेक कप अर्धाच भरून आणायची.

"मी माणूस आहे की चिमणी?" वस्ताद कडाडायचा. "भरून दे!"

ती भरून द्यायची. कप ओठांपर्यंत जाईस्तोवर निम्मा बशीत आणि थोडा शर्टावर. "कपाचा कानच बारीक आहे," असं तो म्हणायचा, आणि लेक फडकं आणायची.

असेच दिवस चालले असताना गावात औषधवाल्याच्या मुलाचं लग्न निघालं. वस्ताद जायला टपूनच बसला होता. लेकीनं मोडता घातला. ऑफिसात सुट्टी नाही, तुम्हाला एकट्याला एवढा प्रवास नको. त्यावरून दोघांची अशी जुंपली की जावयानं टीव्हीचा आवाज वाढवला. शेवटी वस्ताद राहिला, पण त्या दिवसापासून त्याची बॅग भरून दाराशी उभी राहिली. या आठवड्यात नाहीतर पुढच्या, तो निघणारच होता.

लग्नाचा फोटो लेकीच्या फोनवर आला. तिनं तो जरा नाखुशीनंच दाखवला. वस्तादानं चष्मा चढवला. मधोमध नवरानवरी, आणि मागं अर्धं गाव.

"हा कोण?" त्यानं विचारलं. मग तोच हसला. "अरे, हा तर मास्तर! दाढी काढली की गाढवानं! आणि हा औषधवाला. बरोबर, पोराच्या लग्नात माणसासारखं दिसायला नको का?"

त्यानं फोटो मोठा करून घेतला. लांब्या. गुळगुळीत. पोस्टमन गुळगुळीत. किराणावाला, त्याचा भाऊ, बँकेतला शिपाई, पिठाच्या गिरणीवाला, सगळी त्याची गिऱ्हाइकं, एकजात गुळगुळीत. फोटोतल्या एवढ्या माणसांत दाढीचा एक केस नव्हता.

तो हसायचा थांबला. गावातून एकच माणूस उठून गेला होता आणि सगळ्यांच्या दाढ्या गेल्या होत्या.

मग एकेक गोष्ट येऊन त्याच्या पुढ्यात पडायला लागली. भराभर झिजणारी तुरटी. उन्हाळ्यातली कानटोपी. नसलेल्या बायकोची आवड. न्हाणीघराची कडी. त्यानं फोन धरलेल्या हाताकडे पाहिलं. फोटो थरथरत होता, आणि या वेळी दोष द्यायला कपाचा कानही नव्हता.

"कुणी केला होता तुला फोन?" त्यानं विचारलं. आवाज इतका हळू होता की लेक दचकली.

"कुठला फोन?"

"'मला तुमची गरज आहे' असं म्हणायला तुला कुणी शिकवलं?"

ती समोर बसली. "मास्तरकाकांनी."

"काय म्हणाला?"

"लांब्याकाकांच्या कानाला टाके पडले बाबा. पाळी लोंबत होती. तुम्ही तुरटी लावलीत आणि म्हणालात, मुंगी चावली समज."

"आणि तू माझ्याशी खोटं बोललीस. रडलीस, तेही खोटं."

"खोटं?" आता तिचाही बांध फुटला. "मला झोप लागत नव्हती! उद्या कुणाचा गळा कापला गेला असता म्हणजे? माझा बाप पोलीस चौकीत बसलेला बघायचा होता का मी? मला गरज होती बाबा, तुम्ही तो वस्तरा खाली ठेवण्याची. पण ते तुम्हाला सांगायचं कुणी? तुमच्यासमोर खरं बोलायची सोय आहे का कुणाला?"

"तू माझी मुलगी आहेस! तू बोलायचं होतंस!"

"बोलले असते तर आला असतात?"

तो उठला आणि दाराशी उभी असलेली बॅग उचलून खोलीत घेऊन गेला. बॅग न घेताच सकाळच्या पहिल्या बसनं निघतो म्हणाला. जावई हळूच म्हणाला, "बाबा, मी येतो सोबत."

"तुम्ही दाढी करा," वस्ताद म्हणाला. "कडी लावून."

बसमध्ये तो रागानं नुसता धुमसत होता. लेकीवर नव्हे, तिचा राग वाटेत कुठंतरी गळून पडला. राग गावाचा होता. माझं गाव, माझं गाव म्हणून ज्याच्यासाठी आपण त्या पोरीला रोज टोचून खाल्लं, त्या गावानंच आपल्याला काढून टाकलं. पाठीमागून. गोड बोलून. आणि वर बसपर्यंत पोचवायला आले, लुच्चे!

सलूनचं कुलूप उघडायला त्याला वेळ लागला. किल्ली भोकात जाईना. समोरच्या दुकानातून औषधवाल्यानं पाहिलं आणि तो धावतच आला, हात पसरून. "वस्ताद! अरे, कळवायचंस तरी!"

"त्या दोघांना बोलाव," वस्ताद म्हणाला. औषधवाल्याचे हात तसेच खाली आले.

तिघं जमेपर्यंत त्यानं खुर्ची पुसली, आरसे पुसले, पाणी गरम केलं. मग भिंतीवरच्या चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा घासायला लागला. तो सपसप आवाज बाजारात ऐकू गेला असेल. तिघं बाकावर बसले होते, हनुवट्या चकचकीत, नजरा जमिनीला.

"बरीच वाट पाहिलीत," वस्ताद म्हणाला. "बोला, कुणाची आधी?"

लांब्याचा हात कानाकडे गेला. मग मास्तर उठला, चष्मा काढून खिशात ठेवला आणि खुर्चीत जाऊन बसला. वस्तादानं त्याच्या अंगावर कापड टाकलं, मानेमागं गाठ मारली, फेस लावला. मास्तरानं डोळे मिटले आणि हनुवटी वर केली.

वस्तादानं आरशात पाहिलं. आयुष्यभर तो या खुर्चीमागं उभा राहिला होता, पण त्यानं गाल पाहिले होते, कल्ले पाहिले होते. माणसाच्या चेहऱ्याकडे असं बघायची वेळ आली नव्हती. मास्तराच्या गळ्याची घाटी वरखाली होत होती. कापडाखाली त्याच्या मुठी खुर्चीच्या हातांवर आवळलेल्या दिसत होत्या. आणि तो एकटा नव्हता. दोन आरशांमधून घाबरलेल्या मास्तरांची अख्खी रांग भिंतीपलीकडं गेली होती.

"घाबरलायस," वस्ताद म्हणाला. "घाबरलायस आणि तरी गळा पुढं केलायस. रोज असाच बसायचास ना?"

"हं," मास्तर फेसातून म्हणाला.

"मग नको म्हण."

मास्तरानं डोळे आणखी घट्ट मिटले.

"म्हण की! मित्र म्हणवतोस ना? एकदा तरी म्हण, नको!"

मास्तरानं कापडाचं टोक ओढलं, तोंडावरचा फेस खसकन पुसला आणि उठून उभा राहिला. वस्तादानं त्याला इतका लालबुंद कधी पाहिला नव्हता.

"नको!" तो ओरडला. "नको, नको, नको! भीती वाटते मला. तुझ्या हाताची नाही, तुझी. हाताची सवय झाली होती!"

"मग तेव्हा का नाही बोललास?"

"कधी बोलू? तोंड उघडलं की फेस फासायचास! दोनदा आलो होतो मी सांगायला. दोनदा म्हणालास, बस खुर्चीत."

वस्तादाला ते आठवत नव्हतं. नेमकं त्याचाच त्याला संताप आला. "म्हणून लेकीला फोन? माझ्या पाठीमागं? गावातून हाकलून दिलंत मला, आणि वर बसपाशी रडलात!"

"रडणं खरं होतं रे," औषधवाला बाकावरून म्हणाला.

"तेच तर वाईट!" वस्तादाचा आवाज फाटला. "अरे, मी तुमच्यासाठी तिकडं झुरत होतो. पोरीला घालून पाडून बोलत होतो, की माझ्या गावातून मला आणलंस म्हणून. स्टँडजवळ दुसरं सलून आहे ना? सरळ तिकडं जायचं होतंत. मी समजलो असतो, गिऱ्हाईक तुटलं."

"कसे जाणार?" लांब्या पहिल्यांदाच बोलला. "स्टँडवरून घरी यायचं तर तुमच्या दारावरूनच यावं लागतं. गुळगुळीत तोंडानं तुमच्यापुढून कसं जायचं वस्ताद? म्हणून मग वाढवल्या."

वस्ताद त्याच्याकडे बघत राहिला. लांब्याच्या एका कानाची पाळी खाली दुमडलेली होती, आणि तिच्यावर पांढरी रेघ होती. हा माणूस ऐन उन्हात कानटोपी घालून बसला होता आणि आपण त्याला आजीबाई म्हणत होतो. वस्तादाला लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून आणखी राग आला.

तो स्वतःच्या खुर्चीत बसला. यापूर्वी तो त्या खुर्चीत कधी बसला नव्हता. आपली दाढी तो घरी साध्या रेझरनं उरकून टाकायचा, स्वतःसाठी वस्तरा वाया कशाला घालवायचा म्हणून. त्यानं ब्रश उचलला आणि आपल्याच तोंडाला फेस फासला, गालांना, हनुवटीला, ओठांपर्यंत.

"आता बोला," तो म्हणाला. "नियम तो नियम."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग लांब्या म्हणाला, टाके घालताना फार दुखलं. औषधवाला म्हणाला, "तुझ्या टोमण्यांना कंटाळून आठवडाभर मी दुकानाच्या मागच्या दारानं ये-जा केली होती, आणि तुला पत्ताही लागला नाही." मास्तर म्हणाला, "बायको गेली तेव्हा मी इथं बसून रडणार होतो. तू सरकारबद्दल बोलत होतास." असं बरंच निघालं, काही खरं, काही जुनं, काही अगदीच किरकोळ. मास्तराच्या चष्म्यावरची एक कुजकट कोटी आठवून तर वस्तादाला आतल्या आत हसूही आलं. त्याला प्रत्येक गोष्टीवर बोलायचं होतं. तो बोलला नाही. फेस गालावर सुकत चालला होता.

ते थांबले तेव्हा त्यानं वस्तरा उचलला आणि आरशात बघत गालावरून खाली ओढला. एक गाल सरळ निघाला. त्यानं तिघांकडे विजयी नजर टाकली. मग हनुवटीखाली वळवला, आणि पांढऱ्या फेसात लाल रेघ उमटली, रुंद होत गेली.

आरशात त्याला तिघं दिसत होते. मास्तर कॅलेंडरकडे बघत होता. औषधवाला आपल्या चपलेकडे. लांब्या आढ्याकडे, ते त्याला जवळच होतं.

"बोला की रे!" वस्ताद गरजला. फेस उडाला. "अजून गप्पच?"

"कापलंय," मास्तर म्हणाला.

"किती?"

"बरंच."

"आणि?"

"आणि हात थरथरतोय. पुष्कळ. बघवत नाही मला. ठेव तो खाली."

वस्तादानं वस्तरा मिटला. मिटायलाही त्याला दोन हात लागले. तो त्यानं आरशापुढं ठेवला. लांब्यानं तुरटीचा खडा पाण्यात बुडवून त्याच्या हनुवटीला लावला. झोंबली. इतकी झोंबते हे त्याला ठाऊक नव्हतं. गिऱ्हाइकं कधी बोललीच नव्हती.

"एवढंच होतं," तो म्हणाला. "चार शब्द. चार शब्दांसाठी तुम्ही मला वेड्यात काढलंत. मी विसरणार नाही हे."

"नको विसरूस," मास्तर म्हणाला.

अर्धी राहिलेली दाढी औषधवाल्याच्या दुकानातला साधा रेझर आणून मास्तरानं पुरी केली. फार वाईट केली. वस्ताद दरवेळी काही सांगायला तोंड उघडायचा आणि मास्तर दरवेळी तोंडावरून ब्रश फिरवायचा. बाकावरचे दोघं हसले. वस्ताद हसला नाही.

शटर त्यानं स्वतः खाली ओढलं. कुलूप लावताना हात पुढं केलेल्या लांब्याला त्यानं झिडकारलं, खटपट करून स्वतःच लावलं, आणि मग किल्ली त्याच्याच हातात दिली. "खुर्ची कुणाला द्यायची नाही. रोज उघडा आणि बाकावर बसा. माझ्याबद्दल काय वाटेल ते बोला, पण मोठ्यानं बोला."

बसच्या थांब्यावर या वेळी फक्त तिघं होते. बाजाराला त्यानंच येऊ दिलं नव्हतं. बस यायला अवकाश होता. त्यानं मास्तराच्या फोनवरून लेकीला फोन लावला. ती काही विचारायच्या आत म्हणाला, "रात्री पोचतो. आणि ऐक. चहाचा कप अर्धाच भरत जा." एवढं बोलून त्यानं फोन परत देऊन टाकला.

मग रस्त्याकडे बघत तो उभा राहिला. शटरं, नळ, वळणावरची धूळ. गेल्या वेळी हे सगळं सोडताना त्याला वाटलं होतं, लेक आपल्याला इथून तोडून नेतेय. आज त्याला कुणी बोलावलं नव्हतं, कुणी पाठवलंही नव्हतं. तो जात होता, आणि जाताना आतून पिळवटून निघत होता, आणि हे या तिघांना दाखवायचं नाही म्हणून त्यानं कपाळाला आठ्या घातल्या होत्या.

बस आली. तो चढला, खिडकीशी बसला. मास्तर खिडकीखाली येऊन उभा राहिला, घुटमळला.

"काय?" वस्ताद खेकसला.

"एक सांगू?"

"सांग."

"शर्टाच्या गुंड्या चुकल्यात. वरपासून खालपर्यंत."

वस्तादानं खाली पाहिलं. खरंच, एक बाजू वर आणि एक खाली. असाच तो सगळ्या गावासमोर दिवसभर वावरला होता. "कधी दिसलं तुला?"

"सकाळीच. आलो तेव्हाच."

"आणि आत्ता सांगतोस?"

बस हलली. वस्तादानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि मास्तराच्या सात पिढ्यांचा उद्धार सुरू केला. वळणापर्यंत तो ओरडत होता, आणि एका थरथरत्या हातानं गुंड्या सोडत होता.